पाच-सहा ओळींचं ठिगळ : सांबा नावाच्या सर्व्हरची गोष्ट

एपिसोडमध्ये बोलताना विषय थोडा इकडेतिकडे गेला होता, लिहिताना तो जरा रांगेत आणलाय. अगदी सरळ केलेला नाही, कारण गोष्टच तशी वाकडीतिकडी आहे.

विषय आहे एक बगफिक्स अपडेट. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका!

फोनवर "अपडेट उपलब्ध आहे" असं आलं की आपण काय करतो? "नंतर" दाबतो. त्या अपडेटमध्ये नवे इमोजी असतील तर कदाचित आत्ताच करतो. पण "किरकोळ दुरुस्त्या आणि स्थिरता" एवढंच लिहिलं असेल, तर ते नोटिफिकेशन आठवडाभर तसंच लोंबकळत राहतं. आजची गोष्ट अशाच एका किरकोळ दुरुस्तीची आहे. सात वर्षं उघडं राहिलेलं एक दार त्या दुरुस्तीने बंद केलं. आणि दार बंद झाल्यानंतरही हजारो घरांत आणि ऑफिसांत ते उघडंच राहिलं.

सॉफ्टवेअरचं नाव सांबा. हो, मलाही आधी 'शोले'मधला खडकावर बसलेला सांबाच आठवतो. तो जेमतेम तोंड उघडतो, पण सीनमध्ये असतो. हा सांबाही तसाच आहे. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये "नेटवर्क स्टोरेज" नावाचा पर्याय कधी पाहिलाय? किंवा व्हीएलसीमध्ये "लोकल नेटवर्क"? तिथून घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा सिनेमा फोनवर चालतो. हे दोघं ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात तिचं नाव एसएमबी. विंडोज ही भाषा जन्मतः बोलतं. पण समोर लिनक्सचं मशीन असेल, दुकानातून आणलेला नेटवर्क हार्डडिस्कचा डबा असेल, किंवा पेनड्राइव्ह लावायची सोय असलेला राउटर असेल, तर ही भाषा बोलणारा बहुतेक वेळा सांबाच असतो.

ही भाषा मुळात मायक्रोसॉफ्टची नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगनबॉम नावाच्या इंजिनिअरने ती तयार केली. आधी तिला स्वतःच्याच नावाची आद्याक्षरं दिली होती, 'बीएएफ'. जाहीर व्हायच्या आत ती 'एसएमबी' झाली. मग मायक्रोसॉफ्टने ती उचलली, वाढवली, आणि विंडोज ९५मध्ये "नेटवर्क नेबरहुड" हे चिन्ह डेस्कटॉपवर आलं. ज्यांचे दादा-ताई कॉलेज हॉस्टेलच्या लॅनवर एकमेकांचे फोल्डर उघडून गाणी उचलायचे, त्यांना विचारा. ते सगळं एसएमबीवर चालायचं.

आता ऑस्ट्रेलियात जाऊ. राजधानी कॅनबेरा, डिसेंबर १९९१. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल नावाचा पीएचडीचा विद्यार्थी आहे. त्याच्या टेबलावर डॉसचा पीसी, आणि डिपार्टमेंटमध्ये सन कंपनीचं युनिक्स मशीन. डिजिटल कंपनीचं एक नवं सॉफ्टवेअर त्याला वापरायचं होतं, पण ते चालायला त्याच कंपनीचं 'पाथवर्क्स' हे नेटवर्किंग लागायचं. पाथवर्क्स घेतलं की सनच्या डिस्कवरच्या फाइल दिसेनाशा व्हायच्या. एक मिळवायला गेलं की दुसरं हातचं जायचं.

आपण काय केलं असतं? बहुधा गाइडकडे जाऊन कुरकुर. ट्रिजेलने तारेवरून काय जातंय ते पकडणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. पीसी सर्व्हरला काय विचारतो आणि सर्व्हर काय उत्तर देतो, हे तो बघत बसला. मग सन मशीनवर तशीच उत्तरं देणारा एक प्रोग्राम लिहिला, आणि जानेवारी १९९२मध्ये लोकांना देऊन टाकला. गंमत म्हणजे आपण नेमकी कुठली भाषा शिकलोय, हेच त्याला माहीत नव्हतं. ती डिजिटल कंपनीची खासगी भाषा असावी असा त्याचा समज होता. ती एसएमबी आहे, आणि अर्धं जग ती बोलतं, हे त्याला नंतर कळलं.

मग जवळजवळ दोन वर्षं सगळं शांत. १९९३च्या शेवटी घरातला बायकोचा विंडोज पीसी आपल्या लिनक्स मशीनला जोडायचा होता, म्हणून त्याने जुना प्रोग्राम सहज चालवून बघितला. तो चालला! तेव्हा कुठे त्याने पुन्हा मनावर घेतलं. इतक्या मोठ्या प्रकल्पाचा दुसरा जन्म घरच्या कामातून झाला, हे मला फार आवडतं.

नावाचा किस्सा तर सांगायलाच हवा. तोपर्यंत प्रोग्रामचं नाव होतं 'एसएमबी-सर्व्हर'. १९९४मध्ये एका कंपनीचं पत्र आलं, की हे नाव आमचं आहे. ट्रिजेलने युनिक्समधल्या शब्दांच्या यादीत शोध लावला. अट अशी, की शब्द 'एस'ने सुरू व्हावा आणि पुढे कुठेतरी 'एम', मग 'बी' याच क्रमाने यावेत. मोजके शब्द बाहेर आले. त्यात एका रानफळाचं नाव होतं, लाकडाच्या कापाचा एक प्रकार होता, 'स्क्रॅम्बल' होतं आणि 'सांबा' होतं. निवड अवघड नव्हती. ब्राझीलच्या नाचाशी या सॉफ्टवेअरचा संबंध एवढाच.

सांबा फुकट होतं आणि कोड उघडा होता. सुरुवातीच्या माहितीपत्रकात एक भाग चक्क पिझ्झावर होता : ट्रिजेल पैसे मागत नाही, पण पिझ्झा दिलात तर त्याला आनंद होतो, आणि देणारा वीस हजार किलोमीटर लांब असेल तर थोडं नियोजन लागतं. लवकरच जेरेमी ॲलिसनसारखे लोक सामील झाले आणि जगभरातून दुरुस्त्या यायला लागल्या.

आता जरा थांबून विचार करा. मायक्रोसॉफ्टचा कोड यांनी कधी पाहिलाच नव्हता. मग हुबेहूब तशी भाषा बोलायला शिकले कसे? ट्रिजेलने यावर एक उदाहरण दिलंय, फ्रेंच कॅफेचं. तुम्हाला फ्रेंच येत नाही. तुम्ही कॅफेत कोपऱ्यात बसता, गिऱ्हाईक वेटरला काय म्हणतं ते ऐकता, आणि टेबलावर काय येतं ते बघता. एक आवाज आला की कॉफी येते, दुसरा आला की पाव. पुष्कळ दिवस बसलात तर तुम्हीही ऑर्डर देऊ शकता. स्वयंपाकघरात डोकवायची गरज नाही, आणि पाककृतीची वही चोरायचीही नाही.

पण कॅफेत बसून एक गोष्ट कळत नाही : जे पदार्थ कोणी मागतच नाही, त्यांचं काय? म्हणून त्यांनी विंडोजलाच सगळे क्रमांक एकामागून एक पाठवायचे प्रोग्राम लिहिले. "हे मला येत नाही" यापेक्षा वेगळी तक्रार आली, की समजायचं, इथे काहीतरी दडलंय. हे काम अत्यंत कंटाळवाणं. शिवाय विंडोजमध्ये एखादी चूक असेल, तर ती चूकसुद्धा तशीच्या तशी उतरवावी लागायची, कारण समोरचा पीसी त्या चुकीवर विसंबून असायचा. बोलीभाषा अशीच शिकली जाते. व्याकरणाला धरून बोललात तर गावात कोणी ओळख देत नाही.

हे शिकणं किती महाग पडत होतं, ते युरोपातल्या खटल्यात चव्हाट्यावर आलं. सन कंपनीने १९९८मध्येच तक्रार केली होती, की मायक्रोसॉफ्ट आपल्या सर्व्हरची भाषा इतरांना सांगत नाही. मार्च २००४मध्ये युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि माहिती खुली करायला सांगितलं. मायक्रोसॉफ्ट कोर्टात गेलं. सांबाची मंडळी युरोपातल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनबरोबर त्या लढाईत उतरली आणि ट्रिजेल स्वतः लक्झेंबर्गच्या कोर्टात बोलला. १७ सप्टेंबर २००७ला निकाल मायक्रोसॉफ्टच्या विरोधात लागला. त्याच डिसेंबरमध्ये करार झाला. सांबाच्या वतीने एका संस्थेने एकदाच दहा हजार युरो भरायचे आणि भाषेची सगळी कागदपत्रं मिळवायची. कागदपत्रं गुप्त ठेवायची, पण ती वाचून लिहिलेला कोड मात्र उघडा ठेवायला मोकळीक.

पंधरा-सोळा वर्षं कॅफेत बसून जे कान देऊन ऐकलं, त्याचं मेनूकार्ड शेवटी हातात आलं. डिसेंबर २०१२मध्ये सांबा ४.० आलं. मोठ्या कंपन्यांमध्ये लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी' आता सांबाही चालवू शकत होतं. तोपर्यंत मायक्रोसॉफ्टचे इंजिनिअर सांबाच्या लोकांबरोबर बसून चाचण्या करायला मदत करत होते. एकेकाळचे वैरी एकाच टेबलावर.

इथपर्यंतची गोष्ट विजयाची आहे. आता त्या दाराकडे येऊ.

१२ मे २०१७, शुक्रवार. 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीचा व्हायरस जगभर पसरला. इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलांचे कॉम्प्युटर बंद पडले, ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. हा व्हायरस विंडोजच्या एसएमबीमधल्या भोकातून शिरत होता. ही चूक सांबाची नव्हती, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कोडमधली होती, आणि तिची दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती. दोन महिने लोकांनी "नंतर" दाबलं होतं.

आणि बारा दिवसांनी, २४ मेला, सांबाच्या टीमने स्वतःचंच एक भोक जाहीर केलं. वॉनाक्रायच्या धर्तीवर लोकांनी त्याला 'सांबाक्राय' म्हणायला सुरुवात केली. हे नाव जरा अन्यायाचं आहे, कारण दोन्ही चुकांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण नाव चिकटलं.

भोक काय होतं ते समजून घेऊ, कारण ते फार साधं आहे. एखादं सेतू केंद्र डोळ्यांसमोर आणा. खिडक्या आहेत : उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वगैरे. तुम्ही खिडकीचं नाव सांगता, शिपाई आत जाऊन त्या कामाच्या माणसाला बोलावतो. एसएमबीमध्ये या खिडक्यांना 'नेम्ड पाइप' म्हणतात. फोनने किंवा पीसीने नाव सांगितलं, की सांबा त्या नावाचा कोडचा तुकडा शोधून चालू करतं.

आता समजा कोणी खिडकीचं नाव सांगायच्या ऐवजी म्हणालं, "मागच्या खोलीत, तिसऱ्या कपाटात मी सकाळी एक माणूस बसवून ठेवलाय, त्याला बोलवा." शहाणा शिपाई म्हणेल, असली खिडकी इथे नाही. सांबाचा शिपाई मात्र मुकाट्याने जाऊन त्या माणसाला घेऊन यायचा आणि साहेबांच्या खुर्चीवर बसवायचा. म्हणजे असं : सर्व्हरवर फाइल टाकायची परवानगी असलेला एखादा फोल्डर असेल, तर हल्लेखोर त्यात आपला कोड टाकणार, आणि मग खिडकीच्या नावाच्या जागी त्या फाइलचा पूर्ण पत्ता देणार. सांबा तो कोड स्वतः उचलून चालवणार, तोही बहुधा सर्वाधिकारी 'रूट' म्हणून. या पद्धतीचा हल्ला जवळजवळ एका ओळीत करता येतो, हे तज्ज्ञांनी लगेच दाखवून दिलं.

चूक मार्च २०१०च्या ३.५.० आवृत्तीपासून होती. सात वर्षं! कोड सगळ्या जगासमोर उघडा पडलेला, कोणीही वाचू शकत होतं. उघड्या कोडबद्दल आपण नेहमी म्हणतो, की हजारो डोळे असतात त्यामुळे चुका सापडतात. मला हे वाक्य अर्धवट वाटतं. वाचता येणं आणि कोणीतरी खरंच वाचणं, यात फरक आहे. गावच्या ग्रंथालयात सगळी पुस्तकं असतात, म्हणून गावाने ती वाचलेली असतात असं नाही.

आणि दुरुस्ती? पाच-सहा ओळी. त्यातली खरी कामाची एक. खिडकीच्या नावात तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, आहे का ते बघा. असेल तर नकार द्या. पत्त्यात स्लॅश असतोच आणि खिडकीच्या नावात तो कधीच नसतो, त्यामुळे एवढं पुरेसं होतं. ४.६.४, ४.५.१० आणि ४.४.१४ अशा तीन आवृत्त्या एकाच दिवशी निघाल्या.

एकाच दिवशी तीन कशाला, असं वाटेल. सांबाची साधारण दर सहा महिन्यांनी नवी मालिका येते आणि एका वेळी तीन मालिका सांभाळल्या जातात. सगळ्यात नवीत हरतऱ्हेच्या दुरुस्त्या, मधलीत गरजेच्या, आणि जुनीत फक्त सुरक्षेच्या. आकड्यातला शेवटचा भाग, म्हणजे ४.६.४ मधला तो ४, हा दुरुस्त्यांचा हिशोब. बहुतेक वेळा त्या दुरुस्त्या खरोखरच कंटाळवाण्या असतात : अमुक प्रिंटर चालत नाही, तमुक फाइल पुसली जात नाही. प्रत्येकीपुढे बगचा क्रमांक आणि ती करणाऱ्याचं नाव. एखादा महाकाय डेटाबेस बनवणाऱ्याचा फोटो मासिकात येतो. यांची नावं त्या यादीत येतात आणि तिथेच राहतात.

ज्याला लगेच अपडेट करता येत नव्हतं, त्याच्यासाठी टीमने तात्पुरता उपायही दिला होता. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून सगळ्या खिडक्याच बंद करायच्या. त्याने विंडोजच्या काही सोयी बिघडायच्या, पण चोर आत यायचा नाही.

म्हणजे सगळं ठीक झालं ना? नाही. इथेच खरी गोम आहे.

लिनक्सचा सर्व्हर चालवणाऱ्या माणसाने एक कमांड दिली आणि तो मोकळा झाला. पण सांबा फक्त तिथे नव्हता. तो नेटवर्क हार्डडिस्कच्या डब्यांत होता, राउटरमध्ये होता. अशा डब्यात सांबाची जी आवृत्ती कारखान्यात भरली जाते ती बरेचदा शेवटपर्यंत तीच राहते. डबा बनवणाऱ्या कंपनीने नवं फर्मवेअर काढलं, आणि मालकाने ते टाकलं, तरच ठिगळ पोचणार. रॅपिड-सेव्हन या सुरक्षा कंपनीने तेव्हा इंटरनेट चाळून पाहिलं. त्यांना उघड्यावर असलेली, धोक्याचं सांबा चालवणारी १ लाखाहून जास्त मशिन्स दिसली. त्यातली जवळजवळ ९० टक्के इतक्या जुन्या आवृत्तीवर होती, की त्यांच्यासाठी थेट दुरुस्ती निघालेलीच नव्हती. थोड्याच दिवसांत कॅस्परस्की या कंपनीने दाखवलं, की हल्लेखोर या भोकातून शिरून लोकांच्या मशिन्सवर 'मोनेरो' हे क्रिप्टोचलन खणताहेत. वीजबिल तुमचं, कमाई त्यांची. मालकाला मशीन जरा गरम झाल्यासारखं वाटलं असेल, एवढंच.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल, तर आपल्याकडची गोष्ट. त्याच वर्षी २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. वॉनाक्रायने वापरलेलंच विंडोजचं एसएमबीचं भोक याच्याही हत्यारांत होतं, म्हणजे ठिगळ येऊन तीन महिने झाल्यावरसुद्धा. मुख्य लक्ष्य युक्रेन होतं, पण तो डेन्मार्कच्या मेर्स्क या जहाज कंपनीत शिरला. आणि मेर्स्कच्या समूहाचं एक टर्मिनल आहे नवी मुंबईजवळ, उरणच्या जेएनपीटी बंदरात. तिथली कॉम्प्युटर यंत्रणा बंद पडली आणि कंटेनरचं काम ठप्प झालं. युक्रेनवर सोडलेला व्हायरस, आणि कंटेनर अडकले उरणला. हे भोकही सांबाचं नव्हतं, मी पुन्हा सांगतो. पण भाषा तीच होती, आणि "नंतर"चं बटणही तेच.

सांबाच्या दुरुस्त्या त्यानंतर थांबल्या असंही नाही. ३१ जानेवारी २०२२ला ४.१५.५ आणि तिच्या जुन्या भावंडांमध्ये आणखी एक मोठं भोक बुजवलं. ते ॲपलच्या कॉम्प्युटरांशी नीट जुळवून घेण्यासाठी घातलेल्या भागात होतं. ॲपलने स्वतः मात्र २०११मध्येच सांबाला निरोप दिला होता. सांबाने २००७मध्ये परवान्याची नवी, जास्त कडक आवृत्ती स्वीकारली आणि ॲपलने त्यापेक्षा स्वतःचा सर्व्हर लिहिणं पसंत केलं. दुसऱ्याच्या पाहुणचारासाठी बांधलेल्या खोलीतच गळती निघावी, हे नशीब.

एवढं ऐकून काही करावंसं वाटत असेल, तर घरातल्या राउटरच्या मागे बघा. यूएसबीचं भोक आहे आणि त्यात पेनड्राइव्ह किंवा डिस्क लावलेली आहे? मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन फर्मवेअरची तारीख बघा. मे २०१७च्या आधीची असेल, तर नवं फर्मवेअर शोधा. कंपनीने काढलंच नसेल तर ते शेअरिंग बंद करा, सिनेमा केबलने कॉपी करा.

ट्रिजेलची एक गोष्ट आज राहून गेली. २००५मध्ये त्याने अशाच एका बंदिस्त सर्व्हरला जोडून घेतलं आणि 'हेल्प' हा एक शब्द टाइप केला. त्यावरून इतकं रामायण झालं, की लिनस टोरवाल्ड्सला काही दिवसांत एक नवं सॉफ्टवेअर लिहावं लागलं. तुमच्यातले जे कोडिंग शिकताहेत ते ते रोज वापरतात. गिट. ते पुढच्या एपिसोडमध्ये.